हवेची नळी

बाबांनी जुनी मोटार धाकट्याला दिली आणि तिला मागच्या बाजूला हवेचे शॉकअब्सॉर्बर बसवायला मात्र मेकॅनिक थोरल्याला बोलावलं. गाडीखाली बोल्ट आवळताना त्याच्या पोटात दुखत होतं. हीच गाडी घासण्यापुसण्यात त्याचं लहानपण गेलं. धाकटा तेव्हा आत बसून हॉर्न बडवायचा. हवेची नळी तापणाऱ्या सायलेन्सरपासून लांब बांधतात. त्यानं मुद्दाम चिकटवून बांधली. वितळू दे, भर रस्त्यात बसू दे गाडी मटकन! जॅक काढून हवा भरली, गाडीचं बूड वर आलं. तेवढ्यात बाबा काठी टेकत धाकट्याबरोबर आले आणि मागच्या सीटवर बसले. "चल, फिरवून आण," ते धाकट्याला म्हणाले. थोरल्यानं दार उघडलं. "बाबा, उतरा जरा. नळी सरकवायचीय." तो पुन्हा गाडीखाली शिरला. वर बाबा धाकट्याला सांगत होते, "याचं काम नेहमी अर्धवट. म्हणून तर गाडी तुला दिली."