गप्प बसायची चोरी

शिकवण्याचं मूल्यमापन यापुढे मर्जीवर नाही, मोजमापावर, हे विभागप्रमुख बाईंनीच समितीच्या गळी उतरवलं होतं. आज शेवटच्या बाकावर परीक्षक म्हणून त्या, फळ्यापाशी त्यांचेच जुने सर. सर बोलले की टेबलावरच्या यंत्राचा दिवा हिरवा, गप्प राहिले की लाल; लाल वाढला की नोकरीवर गदा. “पोरी, आता गप्प बसायचीसुद्धा चोरी!” सर हसले. त्यांची रीत जुनीच: प्रश्न विचारायचा, खडू ठेवायचा, वाट बघायची. अशाच शांततेत बाईंनी कधीकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. आज खडू ठेवताच दिवा लाल झाला. कोपऱ्यातल्या अबोल मुलीचा हात अर्धवट वर आला. “थांबा, सर,” बाईंच्या ओठांवर आलं. पण परीक्षकानं बोलायचं नाही, हा नियमही त्यांचाच. सरांनी दिव्याकडे पाहिलं आणि उत्तर स्वतःच सांगून टाकलं. हात खाली गेला. दिवा हिरवागार झाला.