टाके निघेपर्यंत

सुताराच्या बेंबीशेजारी लिंबाएवढा फुगवटा आला होता. आडवं पडलं की आत जायचा, खोकला आला की पुन्हा बाहेर. तो घरात कुणाला बोलला नव्हता. पण बायको त्याच्या बहिणीची फोनवरची नक्कल करत होती, हसता हसता त्याचा हात पोटावर गेला, आणि तिने तिथंच ओळखलं.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "हर्निया आहे. घाबरायचं कारण नाही, ऑपरेशन करून टाकू. तोवर जड उचलू नका, पोटावर ताण येऊ देऊ नका. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या झाल्या, तर मात्र तडक या."

त्या दिवसापासून बायकोच्या तोंडाला कुलूप लागलं. चहा ठेवलाय, गोळी घेतलीत का, एवढंच. शेजारचे काका जिन्यात घर हादरेल असे शिंकले, तरी तिने त्यांची नक्कल केली नाही. दुखणाईत नवऱ्याचा हिला कंटाळा आला, असं धरून सुतार आतल्या आत खट्टू झाला.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला राहवेना. "माझ्यावर रागावलीस का गं?"

तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "ताण नको म्हणालेत ना? आणि तुम्ही एकदा हसायला लागलात की थांबता का कधी? टाके निघू देत. चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरांची नक्कल केव्हाची बसवून ठेवलीय मी."

सुताराने घाईघाईने दोन्ही हात पोटावर दाबून धरले.