निळ्या गल्लीतली दोन घरं

"लागला बघ दादाचा दिवा," आई म्हणाली आणि गॅसवरचं दूध खुशाल उतू गेलं.

ओट्याजवळच्या जुन्या टॅबवर एक निळी गल्ली तरंगत होती. धुक्यात दोन घरं, एक दादाचं आणि एक टिटवीचं. जहाजावर नोकरीला जाण्याआधी दादाने धाकट्या बहिणीला, टिटवीला, शेजारी बसवून हा खेळ लिहिला होता. ज्याने आपल्या लॅपटॉपवर खेळ उघडला, त्याच्या घरात दिवा लागायचा. बंद केला की विझायचा. टॅब नुसता बघायला.

जहाजाशी संपर्क तुटून बरेच दिवस झाले होते. कंपनीतले साहेब "कळवतो" म्हणून फोन ठेवत. पण संध्याकाळी टिटवीने खोलीत खेळ उघडला, की तिच्या खिडकीबरोबर दादाची खिडकीही मधासारखी पिवळी व्हायची.

"तुझीच वाट बघत असतो लबाड," आई म्हणायची. "पण एक ओळ लिहायला काय होतं?"

"तिथलं नेट रडतं गं. दिव्यापुरतंच पुरतं."

"दिव्यापुरतं तर दिव्यापुरतं." मग आई चार घास खायची.

टिटवी मात्र ताटात नुसती बोटं फिरवायची. दोन्ही घरं एकाच साच्यातली. रंग, दार, दिवा मात्र ज्याचा त्याचा. आईने जेवण टाकलं, त्या दिवशी टिटवीने खेळाच्या कोडमधल्या दिव्याच्या ओळीत 'स्टॅटिक' हा एकच शब्द घातला. दिवा घराचा राहिला नाही, साच्याचा झाला. सगळ्या घरांत मिळून एकच. कुणीही लावला तरी दोन्ही खिडक्या उजळणार.

आणि लावणारी रोज एकटी तीच.

आज शाळेतून येताना तिने ठरवलं, बास झालं हे नाटक. आईला खरं सांगून टाकायचं. प्रकल्प दाखवायला नेलेला लॅपटॉप दप्तरात होता. त्याची बॅटरी सकाळीच संपलेली.

आई टॅबसमोर गालावर हात ठेवून बसली होती. चेहऱ्यावर तो निळा उजेड.

"आई, ऐक ना. दादाचा तो दिवा..."

"लागलाय की मघाशीच. आज तुझ्याही आधी आला."

टिटवी दारातच थबकली.

"आणि तुझ्या घरातही लागलाय बघ," आई म्हणाली. "लॅपटॉप दप्तरात चालूच राहिला वाटतं. वेंधळी कुठली."

टिटवीने दप्तरात हात घातला. लॅपटॉप थंडगार होता.