बंद केलेली वाट

काटेरी फांद्या चौथ्यांदा बाजूला झाल्या होत्या.

"झालं! पुन्हा पहिले पाढे पंचावन्न," मास्तर म्हणाले आणि हातातली कचऱ्याची गोणी त्यांनी धपकन खाली टाकली.

टेकडीवरच्या या बागेत दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं जमत. कचरा वेचत, पायवाटा नीट करत. लोकांना बिस्किटांचे पुडे वर चढवता येतात, रिकामा कागद मात्र खाली नेताना जड होतो. त्यामुळे कचऱ्याला काही तोटा नव्हता. पण मास्तरांचा खरा घोर होता ही चोरवाट. ती पुढे नाल्याच्या कड्यावरून थेट खाली उतरायची. गेल्या महिन्यात एक शाळकरी मुलगी तिथून घसरली, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून मास्तर फांद्या रचून वाट बंद करत आणि आठवडा सरायच्या आत कुणीतरी ती मोकळी करून ठेवी.

कोण, ते मास्तरांना ठाऊक होतं. सगळ्यांना जुन्या जीन्सचे हातमोजे शिवून देणाऱ्या शिलाईवाल्या वहिनींचे स्वतःचे हात दर रविवारी ओरखड्यांनी भरलेले असत.

बाकीच्यांना वरच्या वाटेवर पिटाळून ते वहिनींकडे वळले.

"वहिनी, मागच्या रविवारी शब्द दिला होता तुम्ही. म्हणून तर फांद्यांना दोर तुमच्याच हातानं बांधून घेतला. उद्या इथं कुणाचा जीव गेला तर?"

वहिनी फांद्यांकडे बघत उभ्या होत्या.

"दोन वर्षं झाली," मास्तरांचा आवाज उतरला. "सगळा नाला पालथा घातला आपण. अजून किती दिवस वाट बघणार यजमानांची?"

"यांना काही आठवत नव्हतं, मास्तर. माझं नावसुद्धा नाही. उभा जन्म वायरमनकी केली आणि शेवटी घरातला दिवा कुठून लागतो ते विचारायचे. म्हणून मी एकच गोष्ट रोज घोकून घ्यायचे. ज्या वाटेनं जाल, त्याच वाटेनं परत यायचं, दुसरी धरायची नाही. तेवढं एक पाठ झालं होतं त्यांना." त्यांनी खालच्या उताराकडे पाहिलं. "आणि त्या दिवशी गेले ते या वाटेनं. मीच कशी बंद करू?"

मास्तरांना वहिनींची कीव आली आणि स्वतःच्या चिडण्याची लाज वाटली.

"पण या वेळी मी नाही काढल्या."

वहिनींनी हातमोजे उतरवले आणि दोन्ही हात पुढे केले. जुने व्रण पार सुकले होते. नवा ओरखडा एकही नव्हता.

मास्तर खाली वाकले. फांद्या सगळ्या वरच्या अंगाला पडल्या होत्या, खालून वर येणाऱ्यानं ढकलाव्यात तशा. दोर शेजारच्या दगडावर होता. कुणी तो कापला नव्हता. गाठ सावकाश सोडवून, पंजा आणि कोपराभोवती गुंडाळून, शेवटचा वेढा मधोमध घेऊन टोक आत खोचलं होतं. वायरमन लोक वायरीचं भेंडोळं करतात, अगदी तसं.

"असेल कुणीतरी," मास्तर म्हणाले. "दोर गुंडाळणारी माणसं काय कमी आहेत जगात?" पण फांद्या पुन्हा रचायला त्यांचा हात पुढे होईना.

वहिनींनी ते भेंडोळं उचललं. आत खोचलेल्या टोकावरून एकदा अंगठा फिरवला. मग एकदम कचऱ्याचा चिमटा खाली टाकला.

"मी निघते, मास्तर."

"अहो, आत्ता तर आलात! निम्मा उतार राहिलाय अजून."

वहिनी केव्हाच वळल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या,

"घराला कुलूप लावून आलेय मी."