तक्रार कुणी केली

तपासनीस बाई न कळवता आल्या, तेव्हा पाळणाघरातली बाळं नुकतीच झोपली होती. दाराशी चपला काढून त्या थेट झोपायच्या खोलीत शिरल्या. खिडकीच्या पडद्याची दोरी पाळण्यापर्यंत लोंबत होती. ती हातात धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, बाळं झोपलेली असताना इथे कोण बसतं?

मालकीणबाईंनी मुलं सांभाळणाऱ्या मावशींकडे बघितलं. बाळं झोपली की मावशींना रोज मागे भांडी घासायला बोलावलेलं असे, आणि खोलीचं दार ओढून घेतलेलं.

दोरी तिथल्या तिथे कापली गेली. झोपेच्या वेळी खोलीत माणूस हवाच, तशी सोय होईतोवर नवीन बाळ घ्यायचं नाही, आणि आपण पुन्हा येऊ पण कधी ते सांगणार नाही, असं बजावून तपासनीस बाई गेल्या. तक्रार आली म्हणून आले, एवढं म्हणाल्या; पण ती कुणाची, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेलं आणि मालकीणबाईंच्या रागाला वाट मिळाली. पोटच्या पोरांसारखं सांभाळायचं, आणि वर लोकांनी असे पांग फेडायचे. मग त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं, की हे काम जुळ्यांच्या आईचं. तीच येता-जाता काहीबाही विचारत असते. उद्यापासून मुलं दुसरीकडे ठेवा, असं तिला आत्ताच सांगते, म्हणत त्यांनी फोन उचलला.

मावशी खेळणी आवरत होत्या. हातातला ठोकळा हातातच राहिला. गप्प बसलं तर नोकरी टिकत होती. पण जुळ्यांची आई दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपली की धापा टाकत यायची. ती दोन पोरं घेऊन उद्या कुणाच्या दारात उभी राहणार?

"त्यांना नका बोलू," मावशी म्हणाल्या. "तक्रार मी केली."

मालकीणबाई बघतच राहिल्या. "तुम्ही? अहो, आधी मला नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं, बाई. सगळ्यात लहान बाळाच्या गळ्याभोवती दोरी अडकली, त्याच दिवशी. मी सहज डोकावले म्हणून..." मावशींनी ठोकळा खाली ठेवला. "नंतरही सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू."

मालकीणबाईंनी फोन खाली ठेवला. जवळ मुलांचीच एक बुटकी खुर्ची होती, तिच्यावर त्या गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. आता उद्यापासून येऊ नका म्हणतील, अशी मावशींनी मनाची तयारी केली.

"अजून काय काय सांगितलं होतंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

मावशी जरा घुटमळल्या.

"मागच्या दाराची कडी. मुलांचा हात पोचतो तिथवर."

मालकीणबाई उठल्या. "चला, दाखवा."