दुपारची उतरण

भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी रेघ सकाळपासून चढत जात होती आणि दुपारी सरळ खाली पडत होती. तो उतार नव्हता, कडा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढण, पुन्हा कडा. महिनाभराचा आलेख करवतीच्या पात्यासारखा दिसत होता.

"हे दुपारी काय होतं?" रुग्णवाहिका विभागाच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"जेवायची सुट्टी," दादा म्हणाला. "काउंटरवाले जेवतात, पेशंट जेवतात. आमचा सर्व्हर तरी उपाशी का राहील?"

बैठकीतले सगळे हसले. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली त्याची धाकटी बहीण हसली नाही.

दादाची कंपनी या हॉस्पिटलसाठी डॉक्टरांकडे नंबर लावायचं अ‍ॅप चालवत होती. सोमवारपासून रुग्णवाहिका बोलावण्याचं कामही त्याच अ‍ॅपवर येणार होतं. सही तेवढी बाईंची राहिली होती.

रेघ कशाची आहे ते बहिणीला नीट माहीत होतं. अ‍ॅपला काही माहिती हवी असली की ते डेटाबेसकडे जाणारं एक कनेक्शन उचलतं आणि काम झालं की परत ठेवतं. कनेक्शनं मोजकीच असतात, म्हणून परत ठेवणं भाग असतं. दादाने अगदी सुरुवातीला, घरी वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेल्या एका फाइलमध्ये एक गोष्ट राहून गेली होती. काम मध्येच बिनसलं, तर कनेक्शन परत ठेवलं जात नसे. कोणी चुकीची तारीख टाकली की एक कनेक्शन अडकलं. दुपारपर्यंत बहुतेक सगळी अडकत. रेघ चढत होती ती या अडकलेल्यांची. ती माथ्याला टेकली असती, तर अ‍ॅपने कोणालाच उत्तर दिलं नसतं.

ती टेकत नव्हती, कारण बहीण रोज जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत असे. अडकलेलं सगळं सुटे. तेवढा वेळ अ‍ॅप मुकं होई. ज्याचा नंबर तेव्हा लागला नाही, तो कुरकुरत पुन्हा बटण दाबे. ऑफिसात या कामाला 'जेवून घेणं' म्हणत. "ताई, जेवलीस ना?" असं कोणी विचारलं, की ते तिच्या डब्याबद्दल नसे. ती लग्नाच्या हॉलमधून जेवली होती, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून जेवली होती. वहिनीच्या बाळंतपणात दादा आत होता आणि ती बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती.

दुरुस्ती लहानशी होती. तिने ती कधीच लिहून, तपासून ठेवली होती. पण दादाच्या फाइलला त्याच्या मंजुरीशिवाय हात लावायचा नाही, हा ऑफिसचा नियम होता, आणि दादा म्हणे, "इतकी वर्षं चालतंय. चुकीचं असतं तर चाललं असतं का?" फारच मागे लागली तर म्हणे, "तुला डॉक्टर व्हायचं होतं ना? मग लाव की रोज सलाईन." तीही हसून सोडून देई. अलीकडे तिच्या लक्षात आलं होतं, की आपण रोज सर्व्हर वाचवतो आणि रोज दादाला खरं ठरवतो.

"माझ्या लोकांना जेवायची ठरलेली वेळ नसते," बाई म्हणाल्या. "भरदुपारी कोणी कोसळलं आणि नेमकं तेव्हाच हे गप्प बसलं, तर?"

"बसणारच नाही. एवढ्या काळात एकदाही बंद पडलेलं नाही. म्हणाल तर लिहून देतो."

"नंबर लावणारा दुसऱ्यांदा लावतो हो. छातीत कळ आलेला दुसऱ्यांदा बोलावेलच असं नसतं."

"म्हणून तर आम्ही आहोत," दादा म्हणाला. त्याची नजर बहिणीच्या लॅपटॉपवर गेली. रेघ बरीच वर आली होती. त्याने आवाज अगदी सहज ठेवला. "चिमे, तू जेवून घे बरं. इथलं मी बघतो."

सवयीने ती उठली. लॅपटॉप उचलला. दारापर्यंत गेली असती. मग तिने तो पुन्हा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली.

"नाही."

"अगं, जा ना." आवाज खाली आला. "काय ते घरी बोलू."

"घरी तू पान वाढायला सांगतोस, दादा. बोलणं राहतंच."

बाईंनी पेनचं टोपण लावलं. "काय चाललंय?" त्यांनी दादाला नाही, तिला विचारलं.

"काउंटरवर आज कागदी चिठ्ठ्या ठेवायला सांगून आले आहे," ती बाईंना म्हणाली. "बाहेर बसलेल्या कोणाचं अडणार नाही."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तू ठरवून आलीस."

"ठरवलं कधीच होतं. आज आले."

मग ती बाईंकडे वळली. एखादं माप वाचून दाखवावं तसं सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"हा सर्व्हर पडत नाही, कारण रोज दुपारी मी तो बंद करून चालू करते. आजपासून करणार नाही. थोडा वेळ थांबा, तुमच्यासमोर पडेल."