उल्लंघन म्हणजे काय

फोरमनने कागद पलंगावर ठेवला आणि लगेच पेनाचं टोपण काढलं. इस्पितळात आल्यापासून त्याने प्रेसवरच्या ऑपरेटरच्या उजव्या हाताकडे पाहिलं नव्हतं. पाहायचं होतं काय तिथे? दोन बोटं गेलेली, बाकी सगळं बँडेज.

ऑपरेटरची बायको मोठ्याने वाचू लागली. "सदर अपघात कामगाराने सुरक्षा नियमांचे उल्लंघन केल्यामुळे घडला." ती थांबली. "आणि बटणावरच्या त्या चिकटपट्टीचं? तिचं काहीच लिहिलं नाही?"

"तू गप गं," ऑपरेटर म्हणाला.

पट्टी फोरमनचीच. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाहीत. पण माल तातडीने हवा असला की कारखान्यात पहिली सुट्टी नियमांना मिळते. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं आणि मोकळ्या हाताने पत्रे सरकवत राहायचं, ही युक्ती फोरमनने स्वतः शिकवली होती. वर पाठही थोपटली होती. आता या कागदावर सही झाली, तर ऑपरेटरची नोकरी जाणार होती. नाही झाली, तर फोरमनची.

"साहेब, उल्लंघन म्हणजे काय हो नेमकं?" ऑपरेटरने विचारलं.

फोरमनने पलंगावरचा कागद उगीच सरळ केला. रोज शंभर माणसांवर खेकसणारा गडी, पण एका शब्दाचा अर्थ सांगताना त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं काय ते सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. मग घरची माणसं आठवली.

"म्हणजे... नियम मोडणं," तो म्हणाला. "भिंतीवर लावलेत ना आपल्या, ते."

"एवढंच ना?" ऑपरेटरचा चेहरा खुलला. "मला वाटलं, मी तुमचं ऐकलं नाही असं लिहिलंय."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग फोरमनकडे. फोरमनला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

"तसं लिहिलं असतं ना साहेब, तर सही केली नसती बघा," ऑपरेटर म्हणाला आणि त्याने पेनासाठी डावा हात पुढे केला.